बारागाड्या आणि माझा उजवा गुडघा

बारागाड्या मागून रेटणाऱ्या माणसांना मी भर यात्रेत "हात काढा" असं सांगितलं. त्यांनी काढले.

ज्यांनी बारागाड्या पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गावात चंपाषष्ठीला खंडोबाची यात्रा भरते. बारा बैलगाड्या, बैल न जुंपता, एकामागे एक दोरांनी बांधतात. प्रत्येक गाडीत माणसं चढतात, मावतील तितकी आणि वर चार. पहिल्या गाडीला जाड दोर, आणि दोराचं दुसरं टोक एका माणसाच्या कमरेला. हा माणूस पाच दिवसांचा उपाशी, अंगाला हळद फासलेली. वेशीपासून देवळापर्यंत त्यानं बाराच्या बारा गाड्या एकट्यानं ओढायच्या. देव ओढतो, असं म्हणायचं. खरं म्हणजे मागून पंचवीस-तीस धट्टेकट्टे गडी खांदा लावून गाड्या रेटत असतात. हे सगळ्या गावाला दिसतं आणि कोणी बोलत नाही. देवालाही दिसत असणार, तोही बोलत नाही. बोललो तो मी.

गाड्या ओढायचा मान आमच्या घराण्याचा. एक वर्ष आमच्या घरी, एक वर्ष चुलत्याच्या घरी. चुलतभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणायचो, पण त्या शब्दात आदर किती आणि जळफळाट किती, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आदल्या वर्षी त्यानं गाड्या ओढल्या आणि त्या सरसर देवळापाशी गेल्या. ते वर्षभर मी पारावर बसून सांगत राहिलो, की त्यानं काय ओढल्या, लोकांनी रेटल्या, हा नुसता हळद फासून पुढं चालला. म्हणणं खरंच होतं. त्याच्या आदल्या वर्षी मी स्वतः तेच केलं होतं, तेवढं मात्र सोयीनं विसरलो होतो. वय छत्तीस, पदरी लग्नाला आलेली मुलगी, कळमनुरीच्या मदरशात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शाळेत, चार यत्ता उर्दू झालेली, आणि अंगात असा माज, की आज त्या माणसाची मला कीवसुद्धा येत नाही.

तर त्या वर्षी माझी पाळी. कमरेला दोर, कपाळाला भंडारा. सगळं जमल्यावर मी मागं वळून ओरडलो, "हात काढा! कोणी गाड्यांना हात लावायचा न्हाई."

शेवटच्या गाडीला दादानं खांदा लावला होता. तो तिथूनच म्हणाला, "आरं, काहून? गुमान चाल की."

"हात काढा म्हणलं ना!"

दादानं दोन्ही हात वर केले आणि शिपायापुढं उभा असल्यासारखा चारी दिशांना दाखवले. त्याचं पाहून बाकीच्या तिसांनीही केले. यात्रा एकदम गप्प झाली. मला वाटलं, माझ्या तेजानं.

पहिल्यांदा ओढलं तेव्हा दोर ताठ झाला. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा माझ्या कमरेचं कातडं सोललं. गाड्या जमिनीत रुजल्यासारख्या जागच्या जागी. तिसऱ्या गाडीतून एक बाई म्हणाली, "हाल की रं बाबा, लेकरू उन्हात हाय." त्या बाईचा मला असा राग आला, की तिसऱ्यांदा मी उजवा पाय चाकोरीच्या खड्ड्यात रोवला, अंग डावीकडं पिळलं आणि होता नव्हता तेवढा जोर टाकला. अंग गेलं, पाय तिथंच राहिला. वाळलेली तुराटी मोडावी तसा गुडघ्यात आवाज झाला. गाड्या एक बोटभरही सरकल्या नव्हत्या, हे मला नंतर गावातल्या प्रत्येक माणसानं वेगवेगळं येऊन सांगितलं.

मी किंचाळून खाली पडलो आणि लोळायला लागलो. माणूस लोळतोय, ओरडतोय, तोंडाला फेस. लोक काय समजायचं ते समजले. खंडोबा अंगात आला! "येळकोट येळकोट जय मल्हार" सुरू झालं आणि चारी बाजूंनी माझ्यावर भंडारा पडायला लागला. उघड्या तोंडात हळद, नाकात हळद, डोळ्यात हळद. एका बाबानं तर माझ्या त्याच पायावर, उजव्याच, कपाळ टेकवलं आणि विचारलं, "देवा, तीन दिस झाले म्हैस हरवलीय. कुठं हाय तेवढं सांग." मी त्याच्या डोक्यात सगळा जोर काढून बुक्की घातली. तो प्रसाद समजून भक्तिभावानं मागं सरला. म्हैस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली, आणि तो माणूस मरेपर्यंत मला वाटेत दिसला की वाकून नमस्कार करायचा. असल्या गावात मी शहाणा गणला जात होतो, यावरून काय ते ओळखा.

काय झालंय ते एकट्या दादाला कळलं. त्यानं लोकांना ढकलून बाजूला केलं, माझ्या कमरेचा दोर सोडला आणि मला उचलून पहिल्याच गाडीत टाकलं. आता बारागाड्या अर्ध्यात सोडता येत नाहीत, देवळापर्यंत न्याव्याच लागतात. मग त्यानंच तो दोर स्वतःच्या कमरेला बांधला. त्याची पाळी नसताना, उपास नसताना, अंगाला हळद नसताना. मागं वळून शांतपणे म्हणाला, "लावा रे हात." लोकांनी हात लावले आणि गाड्या निघाल्या. मी त्या वर्षी देवळापाशी पोचलो तो असा, पहिल्या गाडीतलं ओझं म्हणून, दादानं ओढलेला.

यापुढं मी शहाण्यासारखा वागलो असतो तर गोष्ट इथंच संपली असती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या तांड्यावरच्या म्हाताऱ्याला बोलावलं. त्याच्या वाडवडलांनी बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून मुलुख पालथा घातला होता, त्यामुळं बैलाचा पाय मोडला, निखळला, तर चार गावांत त्यालाच बोलवायचे. माणसांचेही पाय तो बसवायचा. त्यानं डोळे मिटून माझा गुडघा दोन्ही हातांनी चाचपला. हळू आत दाबला, हळू हलवला. मग हात पुसले.

"हाड मोडलेलं न्हाई, पाटील. आत काही तरी फाटून अडकलंय. हे माझ्या हातचं काम न्हाई. हिंगोलीला न्या, मोठ्या डाक्टरला दाखवा. अन् तवर ह्याला कोणाला हात लावू देऊ नका."

मी बायकोला म्हणालो, "बैलांचा वैद्य तो. त्याला माणसाचं काय कळतंय?"

बायको म्हणाली, "गाड्या वढायला गेलते तवा तुमी कोण व्हता?"

ही माझी बायको. कमी बोलायची, पण जे बोलायची ते चार दिवस टोचत राहायचं.

म्हाताऱ्याला परत पाठवून मी डोंगरकडा गावाकडचा एक नावाजलेला मालिशवाला बोलावला. तो पैलवानांचे पाय चोळायचा आणि दंडात ताईत बांधायचा, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास. त्यानं माझा गुडघा चाळीस दिवस रगडला. ओला कपडा पिळावा तसा पिळला. मी ओरडलो की म्हणायचा, "दर्द निघून राहिला, मालक." दर्द कुठं निघत होता? मुक्काम वाढवत होता. त्यातच भेटायला येणाऱ्यांची रीघ. आमच्याकडं दुखणाइताला भेटायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही, औषध घेऊन येतो. एक आला तो रुईची पानं घेऊन. एक म्हणाला चुना-गूळ लावा. तिसऱ्यानं आंबेहळद आणली. चौथा तर बिब्बा घेऊन आला आणि मीच मोठ्या हौसेनं तो लावून घेतला. सकाळी गुडघ्यावर बोराएवढे फोड. पुन्हा तीच माणसं फोड बघायला आली आणि म्हणाली, "आतलं बाहेर यायलंय, चांगलं लक्षण हाय." त्यांचा मला आजही तिटकारा आहे. पण ज्यानं प्रत्येकाचं ऐकलं आणि ज्याचं ऐकायचं होतं त्या एकट्याचं नाही ऐकलं, त्याचा जास्त आहे.

होळीपर्यंत गुडघा अर्धवट वाकलेल्या स्थितीत कुलूप लावल्यासारखा बसला. सरळ होईना, पुरता वाकेना. आता आमच्यात सगळं जगणं जमिनीवरचं. जेवायला जमिनीवर, पूजेला जमिनीवर, चावडीत जमिनीवर. मी पंगतीत बसलो की माझा पाय समोर तोफेसारखा. वाढणारा बाजूनं वळसा घालून जायचा, एकदा तर वरणाचं भांडं माझ्या पायाला अडखळून शेजारच्याच्या पानात पालथं झालं. सकाळी रानात जाणं म्हणजे लिंबाच्या फांदीला धरून एका पायावर कसरत. तिथं कोणी पाहत नसे म्हणून इतकंच बोलतो.

आणि खरी गोष्ट पुढंच होती. मुलीचं लग्न त्या वैशाखात ठरलं होतं, आमच्याच भागातल्या गोरेगावकडच्या एका चांगल्या घरी. ते मी पुढं ढकललं. सोयऱ्यांना सांगितलं, पाय नीट होऊ द्या. सोयरे भली माणसं, माघापर्यंत थांबतो म्हणाले, पण त्यापुढं नाही. अडचण एकच होती. कन्यादानाला आईबापानं पाटावर मांडी घालून बसायचं असतं. तोफ रोखून कन्यादान करता येत नाही. बाप बसू शकत नसेल तर मग घरातला जवळचा माणूस बसतो. जवळचा माणूस म्हणजे कोण, हे सांगायला दादा स्वतःच आला.

"तू काळजी करू नको गड्या," तो म्हणाला. "तुला न्हाई जमलं तर मी बसतो पाटावर. माझीबी लेकच हाय ती."

तो मनापासून बोलत होता, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला दिसला तो माझ्याच कमरेचा दोर सोडून स्वतःच्या कमरेला बांधणारा दादा. मी म्हणालो, "बसायचं तर मीच बसणार." आणि तो गेल्यावर बायकोला म्हणालो, "हिंगोलीला जायचं."

"आता?" ती म्हणाली. "चार महिन्यानं?" आणि गाठोडं बांधायला लागली.

हिंगोलीच्या डॉक्टरनं गुडघा पाहून चिठ्ठी लिहून दिली हैदराबादची. आगगाडीनं पूर्णा, पूर्ण्याहून दुसऱ्या आगगाडीनं हैदराबाद. डब्यात बाकावर पाय पसरून मी दोन माणसांची जागा अडवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं गुडघ्यावर नवीन औषध सांगितलं.

तिथला डॉक्टर हसतमुख, पांढऱ्या मिशांचा, दखनी बोलणारा. त्यानं माझ्या गुडघ्याकडं पाहिलं, मग फोडांच्या डागांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"ये किन्ने किया?"

"बिब्बा, साहेब."

"बिब्बा क्या अपने आप चल के आया?"

त्यानं समजावून सांगितलं, की गुडघ्याच्या आत गादीसारखी एक चकती असते, ती फाटून सांध्यात अडकली आहे. दाराच्या बिजागरीत चिंधी अडकली की दार ना उघडत, ना लागत, तसं. दार कितीही रगडा, चिंधी निघत नाही, उलट बिजागरीच झिजते. मला तो तांड्यावरचा म्हातारा आठवला. त्यानं डोळे मिटून बोटांनी जे ओळखलं होतं तेच हा सांगत होता. एवढं ऐकायला मी बैलगाडी, दोन आगगाड्या आणि चार महिने खर्ची घातले होते.

कापायच्या दिवशी नाकावर जाळी ठेवून क्लोरोफॉर्म दिला. गिनो म्हणाले. मी सातापर्यंत मोजल्याचं आठवतं. पुढचं मला तिथल्या कंपाउंडरनं सांगितलं, जाफराबादकडचा मराठी माणूस होता. बेशुद्ध होता होता मी तीनदा ओरडलो म्हणे, "हात काढा! हात काढा!" डॉक्टरनं विचारलं, काय म्हणतो हा? कंपाउंडरनं अर्थ सांगितला. डॉक्टर म्हणाला, "अभी तो डाले भी नहीं."

शुद्धीवर आल्यावर त्यानं मला एका वाटीत ती काढलेली चकती दाखवली. पांढरी, वाकडी, खोबऱ्याच्या कापाएवढी. मी तिच्याकडं कितीतरी वेळ पाहत राहिलो. इतक्याशा वस्तूनं मला पंगतीतून उठवलं होतं. म्हणजे वस्तूनं नव्हे, मीच, पण तो दिवस असं बोलायचा नव्हता.

"साहेब, आता मांडी घालता येईल? लेकीच्या लग्नात पाटावर बसायचंय."

"कब है शादी?"

"माघात. आठ-नऊ महिने आहेत."

"बैठते तुम," तो म्हणाला. "मगर जल्दी नक्को करो. मेरा काम आधे घंटे का था, हो गया. तुम्हारा काम अब शुरू होता. जांघ में ताकत आई तो घुटना खुद-ब-खुद आएगा."

मी मांडीकडं पाहिलं. पाच महिन्यांत ती वाळून काठीसारखी झाली होती. डाव्या मांडीशेजारी ती दुसऱ्याच कोणाची तरी वाटायची, एखाद्या उपाशी मास्तरची. मला औषधाची बाटली हवी होती. डॉक्टरनं दिली ती वाळूची पिशवी. म्हणजे पिशवीही नाही, नुसता हुकूम. रोज पायाच्या घोट्याला वाळूची पिशवी बांधायची, बाजेच्या कडेला बसून पाय सरळ उचलायचा, खाली ठेवायचा, शंभर वेळा. दर आठवड्याला एक मूठ वाळू वाढवायची. एकच मूठ. दोन नव्हे.

हिंगोलीच्या स्टेशनावर दादा गाडी घेऊन आला होता. गाडीत कडब्याचा जाड थर, वर दोन गोधड्या. खड्डा आला की तो बैलांना थांबवायचा, उतरून चाकाला हात लावून गाडी हळूच पार करायचा. घरी पोचायला दिवस मावळला. मी वाटभर कुरकुरलो, की गाडी फार हळू हाकतो.

बायकोनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली. कयाधूची वाळू आणली, चाळली, धुतली, वाळवली, जणू लग्नाचे तांदूळच. पहिल्या दिवशी पिशवीत तीन मुठी. मी पाय उचलायला गेलो तर पाय उठेचना. बारा गाड्या एकट्यानं ओढायला निघालेला माणूस तीन मुठी वाळू उचलू शकेना. मला हसू आलं, मग इतकी लाज वाटली, की दार लावून घेतलं.

आता माणूस सुधारला असं कोणाला वाटेल. मी तिसऱ्याच आठवड्यात चोरी सुरू केली. बायको स्वयंपाकघरात, मी ओसरीवर बाजेवर. मी मोठ्यानं मोजायचो, एक, दोन, तीन, आणि पाय जागचा हलवत नव्हतो. साठ-सत्तर नुसतेच मोजायचे, तिला ऐकू जातील असे. चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी ती पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"आकडा येऊन राहिला," ती म्हणाली, "पण बाज वाजून न्हाई राहिली."

पाय उचलला की आमची जुनी बाज करकरायची. ती भाकरी थापता थापता आकडे नव्हे, करकर मोजत होती.

गुडघा वाकवण्यासाठी तिनं स्वतःची एक रीत काढली. मी भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसायचो. मग टाच फरफटत जितकी अंगाकडं येईल तितकी आणायची. जिथं थांबेल तिथं ती सारवलेल्या ओल्या जमिनीत जोंधळ्याचा एक दाणा दाबून ठेवायची. आठ दिवसांनी पुन्हा सारवण, पुन्हा टाच, पुन्हा दाणा, पण जुना दाणा ती हलू द्यायची नाही, भोवतीनं सारवायची. पावसाळाभर ती दाण्यांची ओळ माझ्याकडं सरकत आली. कधी दोन दाण्यांत बोटभर अंतर, कधी नुसतं केसाएवढं, कधी दाण्याला दाणा चिकटलेला. मी रोज सकाळी उठून आधी ती ओळ बघायचो. इतकी वाट मी आयुष्यात कशाचीही पाहिली नाही. एकदा कोंबडीनं शेवटचा दाणा टिपला. मी पटकन नवा दाणा घेऊन दोन बोटं अलीकडं लावला. बायकोनं पाहिलं आणि इतकंच विचारलं, "कोंबडीनं दाणा खाल्ला, का दाणा चालत गेला?"

खरा मूर्खपणा भादव्यात केला. मला वाटलं, हे मुठीमुठीचं काम बायकी आहे, असं चाललं तर माघ उजाडेल आणि दादा पाटावर बसेल. बायको खुरपायला गेली होती. मी पिशवी एकदम दुप्पट भरली आणि दातओठ खात पाय उचलला. दहाव्या वेळेला गुडघ्यात काहीतरी सणकलं. दुपारपर्यंत गुडघा भोपळ्यासारखा. बायको आली, तिनं पाहिलं, पिशवी उचलून वजन पाहिलं. पिशवी अंगणात नेऊन सगळी वाळू ओतून दिली.

योगायोगानं दुसऱ्या दिवशी तांड्यावरचा तो म्हातारा एक बैल बघून आमच्या दारावरून चालला होता. तिनंच त्याला हाक मारली. त्यानं गुडघा चाचपला, माझ्याकडं न बघता तिलाच सांगितलं.

"फाटलं न्हाई. सूज हाय, उतरल. महिना गेला वाया." मग माझ्याकडं वळला. "पाटील, एक विचारू? बैलाचा पाय असा झाला अन् त्याला बांधून घातला, तर तो उभा राहतो. चारा खातो, वाट पाहतो. त्याला कोणाला दाखवायचं नसतं. तुमाला कोणाला दाखवायचंय?"

मी म्हणालो, "कोणाला न्हाई."

म्हातारा हसला. माझं उत्तर त्याच्या बैलालाही पटलं नसतं.

महिनाभरानं बायकोनं पिशवी पुन्हा आणली. आत एक मूठ वाळू. तीन नव्हे, एक. आणि मी उचलायला लागलो. त्या दिवसापासून खरंच उचलायला लागलो. सांगायला यात काही नाही. सकाळी शंभर, दुपारी शंभर. बाज करकरायची, आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. गावात ज्वारीची पेरणी झाली, उगवली, पोटऱ्यात आली. भेटायला येणारे कंटाळून यायचे बंद झाले, कारण रोज तेच तेच करणाऱ्या माणसाला सांगण्यासारखं औषध कोणापाशी नव्हतं. दिवाळीला मी काठी टाकली. मांडीला मांस धरायला लागलं. दाण्यांची ओळ पुन्हा चालू झाली होती.

चंपाषष्ठी आली. त्या वर्षी दादाची रीतसर पाळी. सगळं घर यात्रेला गेलं. मी एकटाच ओसरीवर. वेशीकडून "येळकोट येळकोट" ऐकू यायला लागलं, गाड्या निघाल्याचा गलका झाला, आणि मी भिंतीला पाठ लावून उजवी टाच ओढली, ओढली, आणि ती शेवटच्या दाण्यावरून पुढं गेली आणि डाव्या मांडीखाली शिरली. मांडी बसली! वर्षानं मी मांडी घालून बसलो होतो. डोळ्यांत पाणी वगैरे आलं. ते कोणी पाहिलं नाही म्हणून लिहितो.

मग उठायला गेलो तर उठता येईना. मांडी घालणं जमलं होतं, सोडवून उठणं नव्हे. बायको तासाभरानं भंडारा लावून आली, तोवर मी देवळातल्या मूर्तीसारखा तिथंच. तिनं आधी टाचेनं ओलांडलेला दाणा पाहिला. मग खूप दिवसांनी हसली. मग मला भिंतीला धरून उभं केलं.

पुढचे दोन महिने मी उठण्याचा सराव केला. भिंतीला हात लावून जमायला लागलं. मंडपात भिंत नसते, हे माझ्या ध्यानात होतं, पण म्हटलं, होईल.

माघात वऱ्हाड आलं. मंडपात पाट मांडले. दादा नवा फेटा बांधून माझ्या मागं येऊन उभा राहिला. मला वाटलं, हा वाट पाहतोय, मी बसू शकलो नाही की लगेच बसायला. त्याच्याकडं न बघता मी पाटावर बसलो. डावा पाय, मग उजवा, हळू, दाण्यादाण्यानं. मांडी बसली. बायको शेजारी बसली, भटजींनी माझ्या उपरण्याला आणि तिच्या पदराला गाठ मारली. मुलीचा हात माझ्या हातात आला, वरून पाण्याची धार पडली, आणि मी तो हात दुसऱ्या हातात दिला. गुडघा ठणकत होता पण जागचा हलला नाही. जे करायचं होतं ते मी केलं, बसून, माझ्या पायांनी.

भटजी म्हणाले, "उठा आता."

बायको उठली. गाठ ताणली गेली. मी पाटावर जोर दिला. गुडघा अर्धा आला आणि थांबला. पुन्हा जोर दिला. वऱ्हाडातले लोक माना वळवून बघायला लागले. तेवढ्यात मागून दादा वाकला आणि त्यानं दोन्ही हात माझ्या काखेत घातले. तो एवढ्यासाठीच मागं उभा होता. आणि इतकं सगळं होऊनही माझं तोंड आपोआप उघडलं:

"हात का..."

बायको वळली. सोयरे, भटजी, नवरा मुलगा, सगळे ऐकत होते. तिनं आवाज खाली केला नाही.

"गुमान उठा," ती म्हणाली. "मागून रेटल्याबिगर तुमचं कवा काय हाललंय?"